रेडिंगच्या जुन्या घराचं नंतर बघू, आधी उंड्रीच्या फ्लॅटचं बोला

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचकांचं पत्र आलंय. नवराबायको दोघंही आयटीत, तिथल्या न्यूटाऊन भागातल्या एका गल्लीत जुनी टेरेस घरं (भिंतीला भिंत लागून रांगेत बांधलेली) विक्रीला आहेत त्यातलं एक मनात भरलंय. त्यांनी त्या घराचा इतिहास काढून पाठवलाय: १९९५ ला ५५ हजार पाउंडांना विकलं गेलं, २००७ ला २ लाख ५ हजारांना, आता मागतायत ३ लाख ६० हजार. प्रश्न असा की दर दहा वर्षांनी दुप्पट होतंय तर पुढच्या दहा वर्षांत सात लाख धरायचे का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की पुण्यात उंड्रीला २०१७ मध्ये नवऱ्याच्या नावावर ५८ लाखांचा फ्लॅट घेतलाय, स्वतः कधी राहिलो नाही, भाड्याने आहे, तो असू दे. मित्र म्हणाला इथलं घर बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या, म्हणजे फर्स्ट टाइम बायरची, पहिल्यांदा घर घेणाऱ्याची, स्टॅम्प ड्यूटीतली सवलत मिळेल.

सात लाख धरू नका. लँड रजिस्ट्रीची (तिथलं घरांच्या नोंदणीचं सरकारी खातं) विक्रीच्या किमतींची खुली यादी १९९५ पासून सुरू होते, आणि त्या सुमाराला बाजार पार तळाला होता. त्याआधी व्याजदर १५ टक्क्यांच्या घरात गेलेले, लोकांच्या घराची किंमत कर्जापेक्षा खाली आलेली. तळापासून मोजलं की कुठलंही घर सोन्याचं दिसतं. २००७ पासून मोजा, १८ वर्षांत वर्षाला जेमतेम ३ टक्के, आणि महागाईही साधारण तेवढीच. आणि इतिहास काढायचाच तर अजून मागे जा, ही घरं हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली, भाडं आठवड्याचं. १९१८ साली इंग्लंड-वेल्समधली तीन चतुर्थांशाहून जास्त कुटुंबं भाड्यानेच राहत होती. १९१५ ला कायद्याने भाडी गोठवली आणि पुढे कितीतरी मालकांनी कंटाळून घरं राहत्या भाडेकरूंनाच विकली, आपल्याकडच्या पागडीच्या इमारतींचे मालक जसे अडकले तसंच. म्हणजे घर घेतलं की पैसा वाढतोच असं त्या गल्लीत नेहमी झालेलं नाही.

आता खरं दुखणं, जे तुम्ही विचारलंच नाही. मित्राचं ऐकू नका, तो तुम्हाला २३ हजार पाउंडांच्या खड्ड्यात घालतोय! स्टॅम्प ड्यूटीसाठी नवराबायको एकच धरतात, आणि ४० हजार पाउंडांच्या वरचं घर जगात कुठेही असलं तरी मोजतात. उंड्रीचा फ्लॅट आज ७० लाख म्हणता, म्हणजे साधारण ५९ हजार पाउंड. तो असताना हे घर घेतलंत की दुसरं घर म्हणून पूर्ण किमतीवर ५ टक्के जास्त. ८ हजार नेहमीची ड्यूटी, वर १८ हजार, एकूण २६ हजार, आणि तुम्ही बजेटमध्ये धरलेत ३ हजार. तुमच्याकडे आहेत ४८ हजार. १० टक्के डिपॉझिट ३६, ड्यूटी २६, वकील-सर्व्हे ४, झाले ६६. कमी पडले १८ हजार, आणि हे कळणार कधी, तर वकील शेवटी हिशेब पाठवेल तेव्हा.

आणि हा फ्लॅट सांभाळून मिळतंय काय? महिना १८ हजार भाडं, मेंटेनन्स आणि रिकामे महिने वजा केले की वर्षाला दीडेक लाख, म्हणजे २ टक्क्यांच्या थोडं वर. त्यात २०१७ ला पाउंड ८४ रुपयांच्या आसपास होता, तुमचे ६९ हजार पाउंड गेले आणि आज त्याचे ५९ झाले. ज्याने तुम्हाला तेव्हा 'एनआरआयसाठी बेस्ट इन्व्हेस्टमेंट' म्हणून हा विकला त्याचं कमिशन कधीच खर्चून झालं असेल.

माझं मत, फ्लॅट विका, आणि इथल्या घराची किल्ली हातात येण्याआधी विका, कारण त्या दिवशी तुमच्या नावावर काय आहे तेच बघतात. नंतर विकून परतावा मागू असं म्हणाल तर तो स्वतः राहत होतो त्या घरालाच मिळतो, तुम्ही तिथे राहिलाच नाहीत. आधी विकलात तर दोघांच्या नावावर घेताना ड्यूटी ८ हजार (एकदा घराचे मालक झालात की पहिल्या घराची सवलत संपते, म्हणून नवऱ्याचं नाव असेल तर ती गेलीच; फ्लॅट विकल्यावर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत आणि तिने आधी कधी घर घेतलेलं नसेल तर ती मिळू शकते). विकताना खरेदीदार पूर्ण ७० लाखांवर टीडीएस कापेल, म्हणजे १० लाखांच्या आसपास, आणि खरा कर १२ लाखांच्या नफ्यावर दीड-पावणेदोन लाख. म्हणून कमी टीडीएसच्या दाखल्याचा अर्ज आधी टाका, त्याला आठवडे जातात. ब्रिटनमध्ये नफा पाउंडांत मोजतात, तिथे तुमचा तोटाच निघतो. उंड्रीचं भाडं ब्रिटनच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवत आलात की नाही हे पत्रात नाही. नसेल तर आधी ते तिथल्या कर खात्याला स्वतःहून कळवा.

तोवर त्या घराकडे परत एक चक्कर मारा. पुढच्या भिंतीच्या तळाशी जाळीची वीट असते, जमिनीखालच्या लाकडाला हवा लागावी म्हणून. मागे स्वयंपाकघराच्या बाजूला ती नवीन फरशीखाली बुजवली असेल तर आतल्या भिंतीला हात लावून बघा, ओल लागेल. ही ९ इंची सलग विटांची भिंत आहे, मध्ये पोकळी नाही. कुणी ओल थांबवायला भिंतीत हजारो पाउंडांचं केमिकलचं इंजेक्शन सुचवेल, आधी फरशी उकरून वीट मोकळी करायला किती लागतील ते विचारा. आणि बँकेच्या व्हॅल्युएशनवर विसंबू नका, लेव्हल ३ चा सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सविस्तर तपासणी, स्वतः करून घ्या.