पुनीत राजकुमार अभिनेते म्हणून खरंच इतके मोठे होते, की वडिलांच्या पुण्याईवर लोकांनी डोक्यावर घेतलं?

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. बंगळुरूत राहून कन्नड सिनेमे बघणारा मराठी माणूस म्हणून मला जे वाटतं ते सांगतो. पुनीतच्या चाहत्यांना ते सगळं पटेलच असं नाही.

कन्नड सिनेमाचे महानायक डॉ. राजकुमारांचा मुलगा असणं म्हणजे काय, ते आधी लक्षात घ्या. कर्नाटकात त्यांना ‘अण्णावरु’, म्हणजे आदराने थोरले भाऊ, म्हणतात. अशा घरात 17 मार्च 1975 ला मद्रासमध्ये हा धाकटा मुलगा जन्मला, नाव लोहित. पाळण्यातल्या वयातच तो ‘प्रेमद काणिके’त पडद्यावर आला. दार उघडंच होतं, हे कुणीही नाकारणार नाही.

पण 1985 चा ‘बेट्टद हूवु’ बघा, आणि मग बोलू. दिग्दर्शक एन. लक्ष्मीनारायण. डोंगरातला एक गरीब मुलगा रानातली दुर्मीळ फुलं शोधून एका परदेशी बाईंना विकतो. कशासाठी, तर कन्नड कवी कुवेंपूंचं ‘श्री रामायण दर्शनं’ विकत घ्यायचंय म्हणून. शेवटी पैसे जमतात आणि त्यातून घरच्यांसाठी कांबळी येतात. दहा वर्षांच्या पोराने त्या दृश्यात डोळ्यांत पाणी आणायचा सोपा मार्ग घेतलेला नाही, आणि म्हणूनच बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतं. सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला. माझ्या मते अभिनेता म्हणून त्यांचं सर्वांत उत्तम काम हेच. त्याआधी ‘भाग्यवंत’मध्ये त्यांनी गायलेलं ‘बान दारियल्लि सूर्य’ कर्नाटकात अजून कानावर पडतं.

नायक म्हणून 2002 साली ‘अप्पू’ आला, दिग्दर्शक पुरी जगन्नाथ. नाच, मारामारी, लवचीक शरीर, सगळं एकदम. घरातलं लाडाचं नाव तेच सिनेमाचं नाव झालं, मग ते गावागावात चिकटलं. पुढची वर्षं मात्र मला सरधोपट वाटतात. ‘अजय’, ‘हुडुगरु’, ‘पॉवर’ हे तेलुगू-तमिळ सिनेमांचे रिमेक. नायक गुंडांना उडवतो, आईचे पाय धरतो, मध्यंतर. ‘मिलन’सारखा शांत सिनेमा किंवा दिग्दर्शक सूरीचा ‘जॅकी’ हे अपवाद. ‘राजकुमार’ (2017) प्रचंड चालला, ‘बोंबे हेळुतैते’ तर घरोघरी पोचलं, पण त्यात नट कमी आणि मोठ्या बापाचा लेक जास्त दिसतो.

मग ते गेले तेव्हा लोक एवढे का रडले? मला वाटतं, मोठेपणा पडद्याबाहेर कसा वापरला, यात त्याचं उत्तर आहे. दुसऱ्या नटांच्या सिनेमांसाठी ते गायचे, अगदी नवख्यांसाठीसुद्धा, आणि त्या गाण्यांचं मानधन समाजकार्याला जायचं. ‘कौन बनेगा करोडपती’च्या कन्नड अवताराचे, ‘कोट्यधिपती’चे सूत्रसंचालक म्हणून समोरच्या बाईला ‘अम्मा’ म्हणत बोलायचे, तेव्हा स्टार वगैरे काही उरायचं नाही.

निर्माता म्हणून तर त्यांचा हिशोबच वेगळा होता. 2017 मध्ये पीआरके प्रॉडक्शन्स सुरू केली, आणि पहिला मोठा सिनेमा स्वतःचा न काढता हेमंत रावचा ‘कवलुदारी’ (2019) काढला. हा संथ, गुंतागुंतीचा पोलिसी तपास. त्यात ऋषी आणि अनंत नाग आहेत, म्हणजे मुंबईच्या रंगभूमीवरून ‘अंकुर’मध्ये गेलेले आपले ओळखीचे अनंत नाग. टाळेबंदीत ‘लॉ’ आणि ‘फ्रेंच बिर्याणी’ थेट ओटीटीवर सोडले. सगळेच जमले असं नाही, ‘लॉ’ मला कंटाळवाणा वाटला. पण ज्याच्या नावावर पहिल्या दिवशी थिएटर भरतं, तो माणूस स्वतः पडद्यावर नसलेल्या सिनेमांवर पैसे लावत होता. कन्नडमध्ये तेव्हा याची गरज होती. मला त्यांच्या जाण्याचं जास्त वाईट वाटतं ते याच भागासाठी.

29 ऑक्टोबर 2021 ला ते गेले. वय 46, हृदयविकार. कंठीरव स्टेडियमवर दर्शनासाठी लोटलेली गर्दी तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. 2006 साली वडील गेले तेव्हा शहरात दंगल उसळून माणसं मेली होती, त्यामुळे पोलीस धास्तावलेले होते. या वेळी तसं झालं नाही. आईवडिलांप्रमाणेच त्यांचेही डोळे दान केले गेले, चौघांना दृष्टी मिळाली, आणि नंतर नेत्रदानाचे अर्ज भरायला लोक रांगा लावू लागले. 2022 मध्ये मरणोत्तर ‘कर्नाटक रत्न’ हा राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. वडिलांनाही तोच सन्मान होता.

म्हणजे नट म्हणून विचाराल तर मध्यम ते चांगले. अनंत नागांच्या पंगतीला मी बसवणार नाही.

बघायचेच असतील तर ‘बेट्टद हूवु’, मग ‘जॅकी’, मग ‘कवलुदारी’. ‘जेम्स’ त्यांच्या मृत्यूनंतर आला, त्यात सुरुवातीला त्यांच्या तोंडी मोठे भाऊ शिवराजकुमार यांचा आवाज होता. सिनेमा म्हणून तो सामान्य आहे, चाहते नसाल तर सोडलात तरी चालेल. ‘गंधद गुडी’ हा माहितीपट मात्र सोडू नका. कर्नाटकच्या जंगलांत, समुद्रात मेकअप न करता हिंडणारा, सापाला मनापासून घाबरणारा माणूस त्यात आहे.