अर्धशिशी चार दिवस थांबत नाही, मान आखडली आहे. सलाईनमधून स्नायू सैल करणारं औषध घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गोळ्यांनी उतार नाही, मान लाकडासारखी झालीय आणि डॉक्टर शिरेतून मेथोकार्बामॉल (हेच ते स्नायू सैल करणारं औषध) देऊ म्हणतात. मी ते दोनदा घेतलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.

पहिल्यांदा रात्री दोनला कॅज्युअल्टीत गेले. सिस्टरने १० मिलीची कुपी, म्हणजे १ ग्रॅम औषध, सलाईनमध्ये घालून थेंब थेंब सोडलं. मी कुरकुरले, "जरा भरभर सोडा ना." तर म्हणाली, "ताई, घाईने सोडलं की बीपी पडतं. गप पडून राहा." तोंडाला धातूची चव आली, कानशिलं गरम झाली, आणि मग उजव्या खांद्यावरचा तो घट्ट पीळ हळूहळू सुटला. सलाईन संपल्यावरही पंधरा मिनिटं उठू दिलं नाही. सकाळी लघवी काळपट हिरवी! पोटात धस्स झालं. तो औषधाचाच रंग असतो, जातो. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

पण सुटली ती मान. डोकं दुपारी पुन्हा ठणकायला लागलं. दुसऱ्या खेपेला सोबत शिरेतून मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं औषध दिलं, तेव्हा उलट्याही थांबल्या आणि डोकंही. तर तुमच्या डॉक्टरांना हे विचाराच, की अर्धशिशीसाठी वेगळं काय देताय?

नंतर न्यूरॉलॉजिस्टने समजावलं की मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे अर्धशिशीतच मान धरते. मी दहा वर्षं उशीला शिव्या घालत होते! मग त्यांनी गोळ्यांचा हिशोब मागितला. घरी कालनिर्णयवर फुल्या मारल्या तर महिन्यात सतरा दिवस मिश्र पेनकिलर, म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधं. अशा गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) महिन्याला १० दिवस, साधी पेनकिलर १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. ती बंद केल्यावर दोन आठवडे वाईट गेले. पण अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं आणि त्यानंतर सलाईन लागलेलं नाही.

यावेळी डॉक्टर म्हणतायत तर घ्या, पण दवाखान्यातच, आणि येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर सुई टोचायच्या आधी सांगा. आणि ताप असेल, हनुवटी छातीला टेकत नसेल, हातापायातली ताकद गेली असेल, किंवा न्हाव्याने मान कडकन मोडल्यावर हे सुरू झालं असेल, तर आधी तपासणी. स्नायू सैल करण्याचं नंतर बघता येईल.