मास मीडियाच्या पदवीसाठी १९ लाख : आधी हप्ता मोजा, मग प्रवेश घ्या

प्रश्न : मी ४९ वर्षांचा, कल्याणला राहतो, खासगी नोकरी आहे. हातात ७२ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता २१ हजार, तो अजून नऊ वर्षं आहे. घरखर्च ३६ हजार. पीपीएफमध्ये ६.४ लाख आणि मुदत ठेव ३ लाखांची. मुलगी बारावी झाली, तिला मास कम्युनिकेशनच करायचं आहे. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात जागा मिळाली आहे : फी वर्षाला ३.६ लाख, वसतिगृह आणि मेस १.६ लाख. फीसाठी साडेदहा टक्क्यांनी १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं आणि राहण्याखाण्याचा खर्च पीपीएफमधून करायचा, असा विचार आहे. जागा पक्की करायला २५ हजार भरलेत. इकडे कल्याणच्याच कॉलेजात मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीला (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची बीए पदवी) वर्षाला ३८ हजारांत प्रवेश मिळतोय. धाकटा मुलगा आठवीत आहे. काय करावं?

उत्तर : तुमच्या आकड्यांवर पुण्याचा प्रवेश घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीने हे क्षेत्र निवडू नये असं मात्र मी म्हणत नाही. क्षेत्र तेच ठेवून १६ लाख वाचवता येतात का, एवढाच प्रश्न आहे, आणि येतात.

आधी खरा खर्च बघू. ३.६ लाख गुणिले तीन म्हणजे १०.८ लाख, हा माहितीपत्रकातला हिशोब. पण फी दरवर्षी वाढते. आठ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांची फी ११.७ लाख होते. वसतिगृह-मेसही तसंच वाढलं तर ५.२ लाख. त्यात ७० हजारांचा लॅपटॉप आणि वर्षातले दहा महिने पाच हजारांप्रमाणे हातखर्च, म्हणजे दीड लाख. बेरीज १९.१ लाख. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी मुलीने घ्यायची ठरवली, तर चौथ्या वर्षाचे साडेसहा लाख वेगळे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का आणि पदवीवर नेमकं काय छापून येतं, हे लेखी विचारल्याशिवाय कोणत्याही संस्थेत प्रवेश घेऊ नका.

आता कर्ज. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होईल, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दरवर्षी चार लाख उचलले असं धरा. पहिल्या चार लाखांवर चार वर्षांचं सरळ व्याज १.६८ लाख, दुसऱ्यावर तीन वर्षांचं १.२६ लाख, तिसऱ्यावर दोन वर्षांचं ८४ हजार. एकूण ३.७८ लाख मुद्दलात मिसळतात आणि हप्ता सुरू होतो तो १५.७८ लाखांवर. दहा वर्षांसाठी तो बसतो महिना सुमारे २१,३००, आणि एकूण परतफेड साडेपंचवीस लाखांची. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता १७,४५० वर येतो, पण परतफेड ३१ लाखांच्या पुढे जाते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना साडेतीन हजार, दुसऱ्या वर्षी सात, नंतरची दोन वर्षं साडेदहा) तर हप्ता १६,२०० च्या आसपास राहतो. कर्ज काढलंच तर हे व्याज भरत जाणं हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा निर्णय.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती बँकेच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५३ वर्षांचे असाल आणि संपेल तेव्हा ६३ चे. निवृत्ती ५८ ला असेल, तर शेवटची पाच वर्षं पगाराविना. सहकर्जदार तुम्हीच असणार, म्हणजे मुलीला नोकरी उशिरा लागली तर हप्ता तुमच्या खात्यातून जाणार आणि चुकला तर तुमचाही सिबिल स्कोअर पडणार. गृहकर्ज आणि शैक्षणिक कर्ज मिळून ४२,३०० होतात, त्यात आजचा घरखर्च मिळवला की ७८,३००. आजच्या पगारापेक्षा सहा हजार जास्त. पगार वाढेल हे खरं, पण तेव्हा धाकटाही कॉलेजात असेल.

आणि १२ लाख मिळतील कुठून, हेही बघा. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यावर गेलात की तारण. तुमचं घर आधीच गहाण आहे. मग उरते वित्तसंस्था किंवा खासगी बँक. तिथे मंजुरीपत्रात तीन गोष्टी शोधा : प्रक्रिया शुल्क, कर्जाच्या रकमेतच मिसळलेला विम्याचा एकरकमी हप्ता, आणि दर तरता (बाजाराप्रमाणे बदलणारा) आहे की स्थिर. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, म्हणून तोच घ्यावा. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची आशा धरू नका : तिच्यातली ३ टक्के व्याजसवलत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तरच आहे, तुमचं हातात येणारंच ८.६४ लाख आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावटही जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत असाल तर तिचा उपयोग शून्य.

पीपीएफ मोडण्याबद्दल : पाच वर्षं झाल्यावर मुलांच्या उच्च शिक्षणासाठी खातं बंद करता येतं, पण उघडल्या दिवसापासूनचं व्याज एक टक्क्याने कापून. तेवढ्यासाठी खातं बंद करायची गरजही नसते. सातव्या आर्थिक वर्षापासून अंशतः रक्कम काढता येते, तिथे व्याज कापत नाहीत. पण ४९ व्या वर्षी निवृत्तीसाठी तुमच्याकडे दाखवण्यासारखं पीपीएफच दिसतंय. मुलीला शिक्षणासाठी कर्ज मिळेल, तुम्हाला म्हातारपणासाठी कोणी देणार नाही. याला हात लावू नका.

आता या पदवीची किंमत. कल्याणच्या पर्यायाचा खर्च मोजला तर आठ टक्के वाढीसह फी सव्वा लाख, रेल्वे पास आणि हातखर्च महिना साडेतीन हजारांप्रमाणे सव्वा लाख, लॅपटॉप ७० हजार : एकूण ३.२ लाख. फरक १५.९ लाखांचा. हा फरक साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचा तर महिना साडेएकवीस हजार लागतात. म्हणजे पुण्याच्या पदवीने कल्याणच्या पदवीपेक्षा दहा वर्षं, दर महिन्याला, हातात साडेएकवीस हजार जास्त आणून दिले तरच ती परवडली. सुरुवातीचा पगार हातात २५ हजार धरला तर हे अवघड आहे, हे सांगायला नियोजक लागत नाही.

कारण या क्षेत्रात नोकरी देणारा पदवीपेक्षा काम बघतो. वृत्तसंस्थेला छापून आलेल्या बातम्या हव्यात, जनसंपर्क कंपनीला प्रेस नोट लिहिता येते का आणि कोणत्या वर्तमानपत्रात ती कोणाकडे पाठवायची ते कळतं का हे हवं, जाहिरात कंपनीला चार कल्पना कागदावर. मीडिया प्लॅनिंगला (जाहिरात कुठे आणि किती द्यायची ते ठरवणारं काम) तर एक्सेल. मास मीडियाची बरीच मुलं आकड्यांपासून पळतात, म्हणूनच पिव्होट टेबल सहज करणाऱ्या, बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे वाचता येणाऱ्या मुलीचा अर्ज वेगळा दिसतो. उलट नुसतं ‘कंटेंट लिहिते’ एवढ्यावर मिळणारी पहिली नोकरी आता एआयमुळे आकसत चालली आहे. त्या भरवशावर कर्ज काढणं मला तरी धोक्याचं वाटतं.

महाग संस्था कधी घ्यावी? फीमध्ये निम्म्याहून जास्त शिष्यवृत्ती मिळाली तर. किंवा मुलीला कॅमेरा, ध्वनी, संकलन हेच करायचं असेल, आणि ती यंत्रं तिथे खरोखर हातात मिळत असतील तर. त्यासाठी भेटीच्या दिवशी स्टुडिओ दाखवतात त्यावर जाऊ नका. विचारा : साठ मुलांच्या तुकडीला कॅमेरे किती, एका विद्यार्थ्याला महिन्यातून किती दिवस मिळतात, एडिट सूट संध्याकाळी किती वाजता बंद होतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मेसमध्ये गाठून हेच विचारलं की खरं उत्तर मिळतं.

प्लेसमेंटचा आकडा तर सोलूनच बघा. ‘९० टक्के’ म्हणजे नोंदणी केलेल्यांपैकी की सगळ्या तुकडीपैकी? ‘सर्वाधिक पॅकेज’ याच पदवीचं की त्याच विद्यापीठाच्या एमबीएचं? सरासरी नको, मध्यक मागा : तुकडीला पगारानुसार ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाला किती मिळाले. आणि पदनामं मागा, कारण ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ म्हणून मोजलेली नोकरी बहुधा फोनवरची विक्री असते. हे सगळं ईमेलवर मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. जोडीला लिंक्डइनवर त्याच पदवीचे दोन वर्षांपूर्वीचे दहा विद्यार्थी शोधा आणि त्यांची दुसरी नोकरी बघा. पहिली नोकरी संस्था मिळवून देते, दुसरी स्वतःच्या कामावर मिळते.

कल्याणला प्रवेश घेतला तर कॉलेजची उणीव बाहेरून भरावी लागेल, हे मान्य. तुमच्याकडे महिना १५ हजार उरतात. फी आणि मुलीचा खर्च जाऊनही आठ हजार राहतात. पहिल्या वर्षी लॅपटॉप नको. फोन, दोनेक हजारांचा कॉलर माईक आणि ट्रायपॉड पुरे, त्यावर शिकता येतं. उरलेले पैसे पहिले नऊ महिने लॅपटॉपसाठी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षी घ्या : १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड, नाहीतर व्हिडिओ संकलन रखडतं. संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती चालते, महागडी वर्गणी लगेच नको. तुमचा मोठा फायदा म्हणजे मुंबई लोकलच्या अंतरावर आहे. बरीच वर्तमानपत्रं, वाहिन्या, जाहिरात कंपन्या तिथेच, आणि पहिली इंटर्नशिप बिनपगारी मिळाली तरी घरी राहून करता येते. पुण्याच्या वसतिगृहातल्या मुलीला त्याच इंटर्नशिपसाठी मुंबईत खोली शोधावी लागते.

लॅपटॉपनंतर तेच आठ हजार आवर्ती ठेवीत टाका. पदवी होईपर्यंत दोन लाखांच्या थोडे वर साठतील. तोवर पत्रकारिता, जाहिरात की जनसंपर्क हे मुलीला कळलेलं असेल, आणि मोठं नाव तेव्हा विकत घ्यावं : पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, आयआयएमसी म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन (तिचं एक केंद्र अमरावतीला आहे), मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स. पदव्युत्तर प्रवेशाला इथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. कमी पडले तर कर्ज घ्या, पण मर्यादा मुलीच्या पगारावरून ठरवा : २५ हजारांच्या पगारावर पाच हजारांचा हप्ता झेपतो, आणि दहा वर्षांसाठी त्यात ३.७ लाखांचं कर्ज बसतं. त्यापुढे एक रुपयाही नको.

राहिले भरलेले २५ हजार. ते बुडतील म्हणून १९ लाख घालू नका. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत करण्याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा त्याहून आधी अर्ज केला तर अगदी थोडी प्रक्रिया रक्कम कापून बाकी परत मिळायला हवी. उशीर कराल तशी कपात वाढते आणि तारखा वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाचं परिपत्रक आजच बघा. अर्ज ईमेलने करा, पावती क्रमांक आणि बँक तपशील त्यातच द्या. मूळ गुणपत्रिका जमा केली असेल तर तीही मागा, संस्थेला ती अडवून ठेवता येत नाही. दाद लागली नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. कल्याणच्या कॉलेजची फी मात्र त्याआधी भरून पावती हातात घ्या.