जुन्या जीपची चेसिस आणि गंज

अरे, जुनी जीप तपासताना चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) चकाचक काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखायला खालून मारलेला थर, दिसलं की उलट जास्त संशय घे, त्याखाली गंज झाकलेला असू शकतो. किनाऱ्यालगत वापरलेली महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप असेल तर आधी खाली झोप आणि लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर तो भाग गेला समज. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे ते चेसिसला जोडणारे भाग, आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे नीट बघ, चिखल तिथेच साचतो.

वरवरचा तांबेरा असेल तर पापुद्रे वायर ब्रशने काढ, रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन) लाव, पूर्ण वाळू दे, मग प्रायमर आणि रंग. बंद पोकळी असेल तिथे भोकातून मेणाचा स्प्रे मार. पाणी निचऱ्याची भोकं मात्र बुजवू नकोस. मी एकदा हौसेने बुजवली होती, दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळणी!

आरपार भोक असेल तर पुट्टी नको. गंजका भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून घे. त्याआधी बॅटरी सोडव, डिझेलची टाकीही उतरव. आणि चेसिस नंबर कोरलाय तिथे ग्राइंडर अजिबात फिरवू नकोस, आरटीओत फेरनोंदणीला अडकशील.