राणीच्या बागेत पाहिलेली फुलझाडं भुसावळच्या अंगणात जगतील का?

तुम्ही मुंबईला राणीच्या बागेत उर्वशी आणि कैलासपती पाहिलेत, बाहेर नर्सरीत हेलिकोनिया आणि अँथुरियमवर जीव जडला, आणि आता विचारताय की यातलं भुसावळला काय टिकेल. मी भुसावळजवळच्या यावलकडचा, घरची केळी. त्यामुळे उत्तराची सुरुवात केळीपासूनच होणार.

आधी एक गोष्ट. ही सगळी झाडं उष्ण प्रदेशातलीच, मग आपल्या उन्हाचं काय भ्यायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण घनदाट पावसाळी जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेलं झाड वेगळं आणि वर्षातले सात-आठ महिने कोरडे जाणाऱ्या माळावरचं झाड वेगळं. बोटॅनिकल गार्डनमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी लावलेली असतात, आणि मुंबईची दमट हवा दोघांनाही चालवून घेते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण झाड नुसत्या आकड्याने मरत नाही. दुपारचा कोरडा झळांचा वारा त्याला मारतो. मुळाशी पाणी असलं तरी पान जितकं पाणी सोडतं तितकं मूळ वर पोचवू शकत नाही, मग कडा करपतात.

हेलिकोनिया लावाच. तो केळीचा भाऊबंद. पूर्वी वनस्पतीशास्त्रज्ञ त्याला केळीच्याच कुळात धरायचे. मूळचा मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. तसंच पान, तसंच पानांच्या देठांनी बनलेलं खोड, तसेच बाजूने फुटणारे मुनवे. ज्या लाल-पिवळ्या होड्यांना आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं आहेत. एक होडी बोटाने जरा उघडून बघा, आत तळाशी बारीक नळीसारखी खरी फुलं दडलेली दिसतील. तिकडे हमिंगबर्ड लांब चोच घालून त्यातला मध पितात.

केळीला जे करतो तेच याला करायचं. पश्चिमेचं ऊन आणि वारा अडला पाहिजे. बागेभोवती आपण शेवरी लावतो ती उगाच नाही. घराच्या पूर्वेची भिंत सगळ्यात चांगली. ठिबकची एक नळी, बुडाशी पाचट किंवा केळीच्याच वाळक्या पानांचा जाड थर. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, घड उतरवल्यावर खोड कापतो तसा बुडातून कापून टाका. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबेल, घाबरून जास्त पाणी घालू नका. सुरुवातीला खाली लोंबणाऱ्या मोठ्या जातीपेक्षा बुटकी, केशरी तुऱ्याची जात घ्या, ती उन्हाला जास्त सोसते.

अँथुरियम अंगणात नाही. शेडनेट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दिवसातून दोनदा फवारा एवढं करायची तयारी असेल तर कुंडीत ठेवा. मला विचाराल तर एवढ्या लाडाचं झाड घरात एकच पुरे.

उर्वशीचा नाद सोडा. ती म्यानमारच्या दमट जंगलातली.

कैलासपती दक्षिण अमेरिकेतला असून आपल्याकडे महादेवाच्या देवळात जाऊन बसलाय, कारण फुलातल्या पुंकेसरांची फणी पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी दिसते. पाण्याची सोय असेल तर आपल्याकडे लावून बघायला हरकत नाही. पण अंगणात नको. फुलं थेट खोडावर येतात, मागून तोफेच्या गोळ्याएवढी फळं, आणि पडून फुटली की वास असा की शेजारी बोलणं टाकतील.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. खरा फुलोरा हवा असेल तर कोरड्या मुलखातली झाडं घ्या: पांढरा चाफा (सोनचाफा नव्हे), बोगनवेल, अ‍ॅडेनियम. बोगनवेलीचं पाणी तोडलं की ती जास्त फुलते, म्हणजे आपला उन्हाळा तिच्या पथ्यावरच. अ‍ॅडेनियम मेच्या उन्हात खुश असतं आणि जुलैत सडतं. काळ्या मातीत तर नक्कीच सडतं, म्हणून कुंडीत निम्मी जाड वाळू घाला आणि पावसात आडोशाला ठेवा. त्याचा चीक विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर लक्षात असू द्या.

माती हा दुसरा घोळ. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. एक्झोरा किंवा अनंत लावलात आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर समजा लोह मिळत नाहीये. जमिनीत असूनही चुनखडीमुळे झाडाला उचलता येत नाही. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून विशेष फायदा होत नाही. लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, किंवा कृषी केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणा.

आणि मार्च-एप्रिलमध्ये मुंबईहून रोप आणू नका. शेडनेटखाली वाढलेलं ते कोवळं पान आपल्या पहिल्याच झळीत जातं. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊ द्या, मग आणा.