वजन बरोबर आहे, मग जिना चढताना दम का लागतो?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ४६ वर्षांचा, नोकरी ऑफिसातली, दिवसभर खुर्ची. उंची पाच फूट सात इंच, वजन ६२ किलो, शुगर बीपी सगळं नॉर्मल, त्यामुळे घरचे म्हणतात तुम्हाला काय धाड भरली, तुम्ही तर एकदम फिट. पण ऑफिसची लिफ्ट बंद आहे अन् तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा जीव वरखाली होऊन राहिला. उलट माझा साळा ८४ किलोचा, पोट सुटलेलं, पण रोज सकाळी सेमिनरी हिल्स चढून येतो अन् भरलेलं सिलेंडर एकटा उचलतो. मग फिट कोण, तो का मी?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, आधी एक सांगा, हा दम आत्ताआत्ताच लागायला लागला का? चढताना छातीत दाटतं, जबडा नाहीतर हात दुखतो, डोळ्यापुढे अंधारी येते, असं काही होत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आजच डॉक्टरकडे जा.

तसं काही नसेल तर ऐका. दम आणि ताकद या दोन बाबतीत तुमचा साळा तुमच्यापेक्षा फिट आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ज्या टेस्ट केल्या त्यात आज आजार सापडला नाही, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनी १९४८ पासून आपल्या घटनेतच लिहून ठेवलंय की आजार नसणं एवढ्यावर आरोग्य संपत नाही, शरीर, मन आणि चार लोकांतलं जगणं तिन्ही नीट पाहिजे. आणि फिटनेस म्हटलं की हृदय-फुप्फुसांचा दम, स्नायूंची ताकद, ती ताकद किती वेळ टिकते, सांधे किती मोकळे आहेत आणि अंगात चरबी किती स्नायू किती, हे सगळं बघावं लागतं. यातलं वजनकाट्याला काहीच कळत नाही हो!

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानी वजनाचा आकडा, साडेएकवीसच्या आसपास येतो, कागदावर छान. पण आज घरी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की धोका धरतात. हातपायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे अशी माणसं आपल्यात खूप, वजन बरोबर म्हणून ती निवांत राहतात आणि पोटातली चरबी आतल्या आत डायबेटिसची तयारी करत असते. साळ्यालाही टेप लावा, रोज चढतो म्हणून त्याचा धोका कमी नक्की झालाय, पण संपला नाही.

आता दमाचं. जिन्यावर मांड्यांना एकदम जास्त ऑक्सिजन लागतो, सवय असलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, तुमचं नुसते ठोके वाढवत बसतं, म्हणून धाप. हे कोणत्याही वयात सुधारतं, खरंच सुधारतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानी. अंबाझरीला जा, फुटाळ्याला जा, नाहीतर आपल्या गल्लीत चाला, फक्त उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पहाटेच उरका. आणि चालण्यावर भागत नाही बरं का, तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. जिम नको असेल तर हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा, भिंतीला हात लावून दंड काढा, जमलं की वाढवा. रविवारचा तर्री पोहा खा, पण रोजच्या ताटात घट्ट वरण, दही, चणे, अंडी यातलं काहीतरी पाहिजे, स्नायू त्यातूनच बनतात. आणि लिफ्ट सुरू झाली तरी जिना सोडू नका, वर पोचल्यावर किती वेळात नीट बोलता येतं ते बघत जा, वजनापेक्षा ते जास्त सांगेल.

प्रश्न : झाडू-पोछा, भांडी, पाणी भरणं सगळं मीच करते, तरी सतत थकवा असतो. मला वेगळ्या व्यायामाची काय गरज?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : ताई, जोर लावून केलेलं घरकाम हालचालीत धरलंच जातं, ते फुकट जात नाही. पण त्यात वाकणं जास्त, पाठ आणि पायांची ताकद त्यानी फारशी वाढत नाही. मला काळजी तुमच्या थकव्याची वाटते. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाता का? पाळीत रक्त जास्त जातं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी) निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि घराघरात त्याला "कामाचा शीण" म्हणून सोडून देतात. या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली आलं तर डॉक्टरला दाखवून लोहाच्या गोळ्या सुरू करा, गोळीनंतर तासभर चहा घेऊ नका. व्यायामाचं त्यानंतर बोलू, मला परत लिहा.