थर्मोकपलचं रीडिंग नाचतंय? आधी अर्थिंगचा खड्डा खणू नका

रबाळे, महापे, तळोजा, वागळे इस्टेट. कारखान्यांचे पत्ते बदलतात, प्रश्न तोच: ‘थर्मोकपलवर (तापमान मोजणारा, दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) तापमान स्थिर राहत नाही, अर्थिंग वाढवू का?’ म्हणून या वेळी एकदमच उत्तरं देतो.

के टाइप थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत साधी तांब्याची केबल चालेल का? (वागळे इस्टेट)

नाही. के टाइपचीच एक्स्टेंशन केबल हवी, आणि प्लस-मायनस तपासूनच जोडा.

आमचा इलेक्ट्रिशियन शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ करतो. ‘डबल अर्थिंग, डबल सेफ्टी’ म्हणतो. (महापे)

डबल अर्थिंग मोटरच्या बॉडीला. थर्मोकपलच्या शील्डला एकच टोक, बहुतेक वेळा पॅनेलकडचं. मीटरच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. इलेक्ट्रिशियनची म्हण नको.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू झाला की ओव्हनचं तापमान 20-25 अंशांनी उडतं. ड्राइव्हची अर्थ वायर काढल्यावर शांत झालं. आता सप्लायर म्हणतो, इन्स्ट्रुमेंटसाठी वेगळा केमिकल अर्थिंगचा खड्डा करा, मुख्य अर्थिंगला न जोडता. करावा का? (तळोजा)

खड्ड्याचं नंतर बोलू. काढलेली अर्थ वायर सप्लाय बंद करून आज परत जोडा, आणि जोडेपर्यंत मशीन चालवू नका. इन्सुलेशन फुटलं तर बॉडीत करंट येईल, आणि तिथे हात ऑपरेटरचा असेल. रीडिंग शांत झालं हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे.

आता नॉइजचं. के टाइप एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे कुठून तरी एक मिलिव्होल्ट शिरला की चोवीसेक अंशांची चूक. तुमचं 20-25 तिथूनच येत असण्याची दाट शक्यता आहे. थर्मोकपलचं टोक शीथला (बाहेरच्या धातूच्या नळीला) वेल्ड केलेलं असेल तर ते मशीनच्या बॉडीला टेकतं; पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट कार्ड आयसोलेटेड, म्हणजे अर्थपासून तोडलेलं, नसेल तर तेही अर्थला टेकतं. दोन ठिकाणी अर्थ, मध्ये लूप, आणि ड्राइव्हचा हाय फ्रिक्वेन्सी करंट त्यातून फिरतो. वेगळा खड्डा हा लूप तोडत नाही. उलट वीज पडली किंवा मोठा फॉल्ट झाला, तर दोन खड्ड्यांच्या मधला प्रचंड व्होल्टेज फरक तुमच्या कार्डावर येतो. एका प्लॉटमधलं सगळं अर्थिंग एकमेकांशी जोडलेलंच हवं. सप्लायरला खड्डा विकायचा आहे, तुमचं रीडिंग सुधारायचं नाही.

करायचं ते असं. थर्मोकपल सोडवून मीटरच्या इनपुटवर तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा लावून शॉर्ट करा. टर्मिनलजवळचं तापमान दिसायला हवं. ड्राइव्ह चालू असतानाही ते स्थिर राहिलं तर दोष सेन्सर किंवा केबलच्या बाजूला. उडालं तर मीटर किंवा पॅनेलमध्ये. मग अनग्राउंडेड थर्मोकपल (टोक शीथपासून वेगळं ठेवलेला) किंवा आयसोलेटेड ट्रान्समीटर, ट्विस्टेड शील्डेड केबल, आणि मोटर केबलसाठी वेगळा ट्रे. दोन्ही केबल एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. अनग्राउंडेड थोडा मंद असतो, ओव्हनला चालतं. अर्थिंगचं काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

फिल्टर टाइम वाढवला तर? (रबाळे)

आकडा शांत दिसेल, लूप तिथेच राहील. आणि खरं तापमान चढलं तर अलार्म उशिरा वाजेल.

अनग्राउंडेड थर्मोकपल असूनही दर पावसाळ्यात रीडिंग उडतं. (ठाणे)

सील तपासा. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते, इन्सुलेशन उतरतं आणि अनग्राउंडेड थर्मोकपल ग्राउंडेडसारखा वागू लागतो. मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) लावाल तर कार्डापासून सोडवून. व्होल्टेज किती, ते उत्पादकाला विचारा.

हीटर चालू झाला की रीडिंग उडतं, अधूनमधून ईएलसीबीही (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होतो. दिवाळीच्या शटडाउनमध्ये पाहिलं तर चालेल का? (महापे)

नाही. हीटर लीक होत असावा. ईएलसीबी बायपास करू नका, हीटर बंद करा आणि आजच्या आज इलेक्ट्रिकल इंजिनिअरला बोलवा.